बदकाचे तीन आवाज

१

सकाळची आंघोळ झाली, दूध पिऊन झालं, की पिल्लूला बाहेरच्या खोलीत पाळण्यात ठेवायचं, हे ठरूनच गेलं होतं. त्या खोलीत ऊन छान यायचं. आणि तिथंच पिल्लूच्या बाबांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, एक कॉम्प्युटर, शेजारी वेताची एक खुर्ची आणि त्या खुर्चीवर कायम पडलेला वाळलेल्या लंगोटांचा ढीग. बाबा प्रोग्रामर होते. दूरच्या कुठल्याशा कंपनीची कामं घरात बसून करायचे. पाय हलवत, ओठ चावत, आणि मधूनच एकटेच हसत.

हसण्याचं कारण कट्टा. त्यांच्यासारख्याच प्रोग्रामर लोकांचा तो ग्रुप. कोण कुठल्या गावचा, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, पण दिवसभर गप्पांना खंड नाही. बाबांचे डोळे कामात असत, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं की कट्ट्यावर कुणी काही लिहिलं तर मोठ्यानं वाचून दाखव. तो वाचायचा, सपाट आवाजात, स्टेशनवरच्या घोषणेसारखा. त्यामुळं स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता पिल्लूच्या आईलाही सगळा कट्टा ऐकू यायचा. कट्ट्यावरचे लोक तिला न पाहताच वहिनी म्हणत. आपणही वहिनीच म्हणू.

वहिनीचं शिक्षण सातवीपर्यंत. पण कान आणि डोकं, दोन्ही जाग्यावर. ऐकून ऐकून तिला कळायला लागलं होतं की या लोकांच्या भाषा वेगळ्या, आणि एकेका भाषेची खोड वेगळी. एक जण होता त्याला सगळे शून्य म्हणत, कारण त्याच्या भाषेत मोजायला सुरुवात शून्यापासून. शून्याकडे पाहुणा आला तर तो शून्यावा पाहुणा, म्हणजे त्याला चहाच नाही, असं बाकीचे चिडवायचे. दुसरे आजोबा. त्यांची भाषा आता कुणी शिकत नाही. तुमची भाषा मेली म्हटलं की आजोबा लिहायचे, मेली कशानं, तुमची विमानाची तिकिटं अजून तीच काढते, मराल तर तुम्हीच मराल.

एकदा शून्यानं सांगितलं की त्याच्या भाषेत एक वस्तू अशी आहे, तिला विचारलं की तू म्हणजे तूच ना, तर ती म्हणते, नाही. ती स्वतःच्याच बरोबरीची नसते. आजोबांनी लगेच लिहिलं, मग ती आमच्या घरात आहे, चाळीस वर्षं झाली, अजून ओळख पटलेली नाही. वहिनीला असं हसू आलं की सुरी खाली ठेवावी लागली.

सुखाचे दिवस होते ते. तिचा स्वभाव मुळातच घोर लावून घेणारा, तरी सुखाचे. घोर एकच होता. हाक मारली तर पिल्लू वळून बघत नव्हतं. डोळे टपोरे, मान धरलेली, मूठ घट्ट, पण आई समोर येऊन टाळ्या वाजवते आहे आणि बाळ पंख्याकडे बघतंय. हुंकार नाही की बोबडा सूर नाही. डॉक्टरीणबाईंनी मागून घंटी वाजवून बघितली आणि सांगितलं, कान ठणठणीत आहेत, तुम्हीच जरा कमी काळजी करा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, तुझा नवराही असाच होता, आता बघ, तोंडाला कुलूप लागत नाही. वहिनी हो हो म्हणायची आणि फोन ठेवला की परत हाक मारून बघायची.

२

प्रोग्रामर लोकांची एक रीत असते. काम अडलं की टेबलावर एक रबरी बदक ठेवायचं आणि आपली अडचण त्याला पहिल्यापासून समजावून सांगायची. बदक काही बोलत नाही. पण सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच सापडते.

बाबांना बदक कधी लागलंच नव्हतं, कारण वहिनी होती. जेवताना ते तिला सांगत बसायचे, अगं, हे असं असं आहे, आणि इथपर्यंत बरोबर चालतं. वहिनी वाढता वाढता म्हणायची, हं. मग? की बाबा पुढं. अगदीच डोक्यावरून गेलं तर म्हणायची, परत सांगा बघू. आणि परत सांगताना बाबा मध्येच घास हातात धरून उठायचे, सापडलं म्हणून. म्हणजे मी बदक का, असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाले, फरक आहे, बदक भाजीत मीठ विसरत नाही.

पिल्लू आल्यावर मात्र वहिनीला बसायला फुरसत राहिली नाही. एक पाय पाळण्याच्या दोरीत, एक स्वयंपाकघरात. बाबा काहीतरी सांगायला आले की ती म्हणायची, आत्ता नको हो. एका दुपारी ते फारच मागं लागले तेव्हा तिनं पिल्लूचं दुपटं झटकत म्हटलं,

"माझे दोन भाग करा. एक माझ्याकडं राहू दे, एक त्या खुर्चीत बसवा. पिल्लूलाही धरेल आणि तुमचंही ऐकेल."

बाबांना कल्पना आवडली. संध्याकाळी त्यांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि तीन आवाज भरून घेतले. हं. मग? परत सांगा बघू. तिन्ही म्हणताना ती लाजली होती. त्यातून त्यांनी कट्ट्यासाठी एक बदक बनवलं. कुणी आपली अडचण लिहिली की बदक थोडा वेळ थांबायचं आणि तिन्हीतला एक आवाज पाठवायचं. बस, एवढंच.

कट्टा खूश. शून्यानं लिहिलं, माझं तीन दिवस अडलेलं घोडं वहिनींच्या एका मग-नं पुढं ढकललं. आजोबांनी लिहिलं, इतकं शांतपणे माझं कुणी ऐकलं नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरात ऐकायची आणि तिला उगाच भारी वाटायचं. सातवी झालेली बाई, आणि कुठल्या कुठल्या गावची शिकलेली माणसं तिच्या हुंकारावर कामं उरकतात.

आणि तेव्हाच ती गोष्ट झाली. कट्ट्यावर कुणीतरी काहीतरी विचारलं, कॉम्प्युटरमधून वहिनीचा आवाज आला, हं. आणि पाळण्यातल्या पिल्लूनं मान वळवली. पंख्याकडची नजर काढून टेबलाकडं बघितलं.

वहिनीनं आनंदानं बाबांचा खांदाच हलवला. ऐकू येतं, वळतं. तिनं लगेच तोच आवाज काढला, हं. पिल्लू टेबलाकडंच बघत राहिलं. ती जवळ गेली, अगदी तोंडाशी तोंड नेलं आणि म्हणाली, हं, मग? पिल्लूनं डोळे मिटून जांभई दिली.

बाबा म्हणाले, अगं, चांगलीच गोष्ट आहे, तुझाच तर आवाज आहे. तेही खरंच होतं.

३

बाबा खाली पार्सल घ्यायला गेले होते. वहिनी कुकर घासत होती. हाताला कोपरापर्यंत साबण. नळ चालू. ऊन भिंतीवरून खाली उतरलेलं. अशा वेळी तिनं ऐकलं,

"दुपट्याचं टोक तोंडात गेलंय."

आवाजात घाई नव्हती. दूध उतू चाललंय असं एखादीनं सहज सांगावं, तसा. वहिनीला आधी वाटलं आपणच बोललो. मग पाय धावले. पिल्लूनं दुपट्याचं टोक चोखत चोखत पार घशापर्यंत नेलं होतं. तोंड लाल, डोळ्यांत पाणी, आवाज नाही. तिनं साबणाच्या हातानं ते ओढून काढलं, पिल्लूला पालथं धरून पाठीवर थोपटलं. खोकला आला, रडू आलं. वहिनीनं देवाचे आभार मानले. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण स्वयंपाकघरात होतो. तिथून पाळणा दिसत नाही.

बाबा आल्यावर तिनं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं भलेपण. कॉम्प्युटर उघडून दाखवला. हे बघ, हा एक, हा दुसरा, हा तिसरा. चौथा आवाज नाहीच.

"शून्यापासून मोजलं तर?" वहिनीनं विचारलं.

"तरी तीनच, बाई."

बाबांचं म्हणणं असं पडलं की आईचा जीव असतो तो, भिंतीपलीकडचंही त्याला कळतं. तुझ्या आतलं मन बोललं, कानाला ते बाहेरून आल्यासारखं वाटलं. जागरणं काय कमी झाली का? वहिनीला पटलं. पटवून घेतलं म्हणा. कारण दुसरं काही धरलं तरी ज्यानं सांगितलं त्यानं वाईट कुठं केलं होतं? वाचवलंच की.

फक्त त्या दिवसापासून ती पिल्लूला एकटं ठेवताना दार सताड उघडं ठेवायला लागली.

४

आठवड्यातून एकदा बाबांना ऑफिसला जाऊन तोंड दाखवावं लागायचं. त्या दिवशी ते गेल्यावर वहिनीनं सगळ्यात आधी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटून काढली. खूळ म्हणा, पण काढली. वायर फरशीवर मेलेल्या सापासारखी पडली. मग तिनं लंगोटांचा ढीग जरा सरकवला, वेताच्या खुर्चीच्या टोकावर बसली आणि पिल्लूला हाका मारल्या. गोड, लाडिक, रागावून, गाण्यात घालून. पिल्लू पंखा बघत होतं.

दूध आठवलं म्हणून ती आत गेली. गॅस बारीक केला. आणि मागून, बाहेरच्या खोलीतून आलं, हं.

ती हलली नाही. थोडा वेळ काहीच नाही. ती शांतताही साधी नव्हती. कुणीतरी सांगतंय आणि कुणीतरी ऐकतंय, तेव्हा मध्ये जशी जागा सुटते तशी. मग आवाज आला, मग? आणि त्याच्यामागोमाग पिल्लू बोललं. अग्गू, असं काहीतरी. बारीक, ओलं. आजवर कधी न काढलेला सूर.

ज्या सुरासाठी ती इतके दिवस तळमळत होती तो आला, आणि ती शेगडीपाशीच उभी. डोकं मात्र चालू होतं. शेजारणीकडचा टीव्ही असेल. नळाच्या पाइपातून आवाज येतात. बाळंतिणीला भास होतात, मावशीला नव्हते का झाले, तिला तर माहेरचं कुत्रं भुंकताना ऐकू यायचं. दूध उतू गेलं, शेगडी विझली, तेव्हा ती भानावर आली.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. वायर फरशीवर होती. पाळणा हलत होता, पण खिडकी उघडी होती, वारा होता. पिल्लू खुर्चीकडं बघून पाय उडवत होतं.

खुर्चीवर लंगोट नव्हते. टेबलाच्या कडेला नीट घडी करून ठेवलेले होते, टोकं आत घालून. तशी घडी वहिनीची आई घालायची. आता या घरात तशी घडी एकटी वहिनीच घालते. म्हणजे तिनंच घातली असणार. हात कामं करून टाकतात, डोक्याला विचारत नाहीत, हे कुठल्याही बाईला माहीत आहे. पण ढीग काढल्यामुळं खुर्ची मोकळी झाली होती. बसायला जागा केल्यासारखी.

शून्याची ती वस्तू तिला आठवली. तू म्हणजे तूच ना? या वेळी हसू आलं नाही.

५

वहिनीनं संध्याकाळी सांगितलं ते सगळं बाबांनी कट्ट्यावर लिहिलं. लोकांनी थट्टा केली, शून्यानं तर बदकाला पगार द्या म्हणून सांगितलं. आजोबांनी मात्र थट्टा केली नाही. मग कॉम्प्युटरनं त्यांचं सपाट आवाजात वाचून दाखवलं, आणि ते नेमकं वहिनीनं ऐकलं.

"काढून टाक ते. आणि काढशील तर नीट काढ. चालू काम मध्येच मारलं की ते संपत नाही, कुठंतरी लोंबकळत राहतं."

ही प्रोग्रामर लोकांची नेहमीची गोष्ट, बाबा म्हणाले, वेगळं काही नाही त्यात. बाबांनी तिच्यादेखत बदक पुसलं. तिन्ही आवाज पुसले. शून्यानं फुलांची चित्रं पाठवली आणि लिहिलं, बदकाच्या आत्म्यास शांती लाभो. त्या रात्री वहिनी गाढ झोपली.

पुढचे दिवस तर फारच गोड गेले. पिल्लू बोलायला लागलं. अग्गू, बुर्र, आणि एक किंचाळी, कुकरच्या शिट्टीसारखी. सासूबाईंनी फोनवर ऐकलं आणि म्हणाल्या, बघ, सांगितलं नव्हतं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळानं बाळसं धरलंय, आई मात्र सुकलीय. वहिनीचा घोर निम्म्यानं उतरला. ती निवांतपणे गच्चीवर कपडे धुवायला जायला लागली. बाबा खोलीत असत, पिल्लू पाळण्यात असे. वर ऊन, फेस, कबुतरं, आणि कुणाची हाक नाही. इतका वेळ आपला असा तिला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. तिथं बसून ती गुणगुणायची. खाली येताना बादलीही हलकी, मनही हलकं.

निम्मा घोर मात्र होता तिथंच होता. पिल्लू बोलायचं, हसायचं, पण तिच्या हाकेला अजून वळत नव्हतं.

एका दुपारी बाबा जेवायला आले ते नाचतच. बरेच दिवस अडलेलं मोठं काम सुटलं होतं. कट्ट्यावर सगळ्यांनी शाबासकी दिली होती. त्यांनी वहिनीच्या ताटात आपल्या हातानं वाढलं.

"सगळं श्रेय तुझं. रोज एवढा वेळ काढून बसतेस माझ्यापाशी."

वहिनीचा हात ताटावर थांबला.

"बसते कधी?"

"हे घ्या. सकाळी कोण होतं मग खुर्चीत? पिल्लूला मांडीवर घेऊन? मी आपला पडद्याकडं बघून बडबडतोय आणि तू हं, मग. एकदाही कंटाळली नाहीस. पूर्वी आत्ता नको, आत्ता नको चालायचं. सुधारलीस हं."

ते समाधानानं जेवत होते. वहिनी सांगणार काय? सकाळभर ती गच्चीवर होती. कपडे अजून तारेवर टपकत होते. तिनं एकच विचारलं, माझ्याकडं वळून बघितलंत का हो कधी? बाबा म्हणाले, कामात डोळे काढता येतात का, आणि बघायचं काय त्यात, तुला मी काय आज ओळखतो?

ताटं घासताना तिनं सगळं मांडून बघितलं. कुणाचं वाईट झालं? नवऱ्याचं काम झालं. बाळ बोलायला लागलं. तिला विसावा मिळाला. मागितलं कुणी होतं, तिनंच. तक्रार करायला जागाच सापडेना, आणि तेच ताट ती तिसऱ्यांदा घासत होती.

६

दुसऱ्या दिवशी ती बादली घेऊन नेहमीसारखी जिना चढली. वरच्या पायरीवर चपला काढल्या आणि बादलीसकट अनवाणी खाली उतरली. स्वयंपाकघराच्या बाजूचं दार लोटून आत आली. कुकर ओट्यावर होता, सुरी होती, अर्धे सोललेले बटाटे पाण्यात होते. सगळं तिचंच.

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज येत होता. म्हणजे इथपर्यंत बरोबर चालतं, पण पुढं ते मोजायला जातं आणि तिथं एक जण जास्त भरतो. कुठून येतो कळत नाही.

"हं," वहिनीचा आवाज म्हणाला.

पिल्लू खदखदून हसलं. ते हसू ऐकून वहिनीच्या छातीत दूध दाटून आलं, अंगातला गाऊन पुढून ओला झाला. भीती होती, पण त्या हसण्यापुढं ती क्षणभर मागंच राहिली.

दार ती हल्ली सताड उघडं ठेवायची. ते आता लोटलेलं होतं. बिजागरीपाशी बोटभर फट होती. तिनं तिथं डोळा लावला. फरशीवर ऊन होतं. टेबलाखाली बाबांचा हलणारा पाय होता. वेताच्या खुर्चीची एक बाजू होती, आणि खुर्चीवरून खाली आलेलं गाऊनचं टोक, निळं, बारीक फुलांचं, शिलाई एका जागी उसवलेली. ती शिलाई घालायची राहून गेली होती. तोच निळा गाऊन तिच्या बादलीत होता, भिजलेला.

मांडीवर पिल्लू. त्याच्या पाठीवर एक हात, हळूहळू थोपटणारा. किती बरोबर थोपटत होता तो हात. खूप घट्ट नाही, खूप सैल नाही, जसं वहिनीला स्वतःला हवं असायचं आणि घाईत जमायचं नाही तसं.

तिनं दार ढकललं नाही. वाटलं, बादली उचलावी, वर जावं, ऊन खात बसावं. कुणालाच काही कळणार नाही. सगळं नीट चाललं आहे. असं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. मग तिनं फटीला ओठ लावले आणि हळूच हाक मारली,

"पिल्लू."

हसणं थांबलं. आणि त्या खांद्यावरून पिल्लूनं मान वळवली. पंख्याकडं नाही, टेबलाकडं नाही. सरळ दाराकडं, फटीकडं, तिच्या डोळ्यात बघितलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा. ओठ थरथरले आणि दोन्ही हात तिच्या दिशेनं पुढं आले.

पाठीवरचा हात थोपटायचा थांबला. पण त्यानं पिल्लूला सोडलं नाही.

बाबा पडद्यावरून डोळे न काढता म्हणाले, काही म्हणालीस का?

स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता, बादलीच्या काठावरून फरशीवर टपकणारं पाणी ऐकू येत होतं. मग खुर्चीतून आवाज आला. बाबांना दिलेलं उत्तर नव्हतं ते. दाराकडं तोंड करून विचारलेलं होतं, शांतपणे, जराही न कंटाळता, पुढचं ऐकून घ्यायला कितीही वेळ बसायची तयारी असल्यासारखं.

"हं. मग?"